चेहरा न दिसलेली बाई
जुन्या अमेरिकन कार्टूनपटांतील माणसे आणि त्यांच्यावरचे हसू

टॉम आणि जेरी ही जोडी ठाऊक नाही असे घर आज आपल्या धर्मग्रामांत शोधूनही सापडायचे नाही. १९९५ साली भारतात 'कार्टून नेटवर्क' ही वाहिनी सुरू झाली आणि मांजर-उंदराची ही जुनी भांडणे आपल्या दिवाणखान्यांत येऊन पोहोचली. या लघुपटांतली एक बाई मात्र फारशी कुणाच्या स्मरणात राहत नाही. पायांत सपाता, घोट्यापर्यंत घसरलेले मोजे, कमरेला एप्रन आणि हातात झाडू अशी ती येते. आवाज दणदणीत. टॉमला ती दम भरते, फटकावते, घराबाहेर घालवते. तिचा चेहरा मात्र आपल्याला सहसा दिसत नाही. पडद्याच्या वरच्या कडेने तिला छातीखालीच कापलेले असते.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या 'पुस गेट्स द बूट' या १९४० सालच्या पहिल्याच पटात ही बाई आहे आणि १९५२ पर्यंत ती अधूनमधून येत राहिली. स्टुडिओतले लोक तिला 'मॅमी टू शूज' म्हणत. तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ या गुणी कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा होता. मांजराच्या उंचीवरून जग दाखवायचे तर माणसांचे पायच दिसणार, हे कारण पटण्यासारखे आहे. परंतु ते पाय काळे का, हातात झाडूच का आणि बोली मुद्दाम अडाणी का, याचे उत्तर त्या कारणात मिळत नाही. ते शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवले जाणारे हे सहा-सात मिनिटांचे पट लहानमोठ्यांनी निर्भेळ करमणूक म्हणून पाहिले. त्यांत कोणाला कसे रेखाटले गेले, त्यावर कोणी हरकत घेतली आणि हरकत घेणे हेच ज्यांचे काम होते त्यांना नेमके काय खुपले, हा इतिहास मुळातून पाहण्याजोगा आहे. आपल्या कॅथॉलिक समाजाचा त्यात थोडासाच, पण महत्त्वाचा वाटा आहे.

जळक्या बुचाची काजळी

१८३० च्या सुमारास टी. डी. राईस नावाचा एक गोरा अमेरिकन नट चेहऱ्याला काळे फासून, फाटके कपडे घालून रंगभूमीवर नाचू-गाऊ लागला. 'जिम क्रो' हे त्याच्या पात्राचे नाव. जळके बूच तोंडावर घासायचे, ओठ जाड रंगवायचे, हातांत पांढरे मोजे चढवायचे आणि गुलामांच्या बोलीची नक्कल करायची, अशा 'मिन्स्ट्रेल' खेळांची एक मोठी परंपरा पुढे उभी राहिली. या खेळांतला कृष्णवर्णीय माणूस आळशी, भित्रा, कोंबड्या चोरणारा, कलिंगडावर तुटून पडणारा आणि गुलामीतही खुशीत असलेला असे. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. हे खेळ संपले नाहीत. नंतर दक्षिणेकडील राज्यांनी गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवणारे कायदे केले, त्यांना लोक 'जिम क्रो कायदे' म्हणू लागले. रंगमंचावरची थट्टा आणि कायद्याच्या पुस्तकातला अन्याय यांना एकच नाव मिळाले.

चित्रे हलू लागली ती या वातावरणात. जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांचा 'ह्यूमरस फेजेस ऑफ फनी फेसेस' हा १९०६ सालचा पट अ‍ॅनिमेशनच्या इतिहासातील पहिल्या पाऊलखुणांपैकी एक मानला जातो. पुढच्याच वर्षीच्या एका पटात ब्लॅक्टन यांनी एक गंमत केली. कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा एक हिणकस शब्द आणि एक ज्यू आडनाव फळ्यावर लिहून, त्या अक्षरांतूनच रेघा वाढवत त्यांनी दोन व्यंगचित्रे काढली. या कलेला अजून धड पाय फुटले नव्हते, तोच कोणाला हसायचे हे ठरून गेले होते.

याला कलेच्या तंत्राचाही हातभार लागला. एका सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे सात मिनिटांच्या पटाला दहा हजारांहून अधिक चौकटी लागतात. त्या हाताने चितारायच्या असल्याने आकृत्या सोप्या हव्यात, गोल हव्यात, आणि पात्र कोण हे प्रेक्षकाला क्षणात उमगायला हवे. मिन्स्ट्रेल खेळांनी अशी ठरीव पात्रे तयारच ठेवली होती. ह्यू हार्मन यांनी १९२८ साली 'बॉस्को' या पात्राची नोंदणी केली, तेव्हा ते 'निग्रो मुलगा' म्हणूनच केली. १९३० साली वॉर्नर ब्रदर्सच्या प्रसिद्ध 'लूनी ट्यून्स' मालिकेचा आरंभ याच बॉस्कोने झाला. मिकी माऊसच्या हातांत १९२९ पासून पांढरे मोजे आले. काळ्या अंगावर काळे हात उठून दिसत नाहीत, ही चित्रकारांची अडचण खरी होती. तरीही अमेरिकन प्रेक्षकाच्या डोळ्यांना त्या मोज्यांतून कोणती जुनी ओळख पटत असे, याकडे निकोलस सॅमंड यांच्यासारख्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. १९३३ सालच्या एका पटात तर मिकी स्वतःच फटाका उडवून तोंड काळे करतो आणि 'अंकल टॉम्स केबिन' या नाटकात काम करतो.

पुढे हा विनोद इतका अंगवळणी पडला की त्याचे मूळच विसरले गेले. स्फोट होतो, धूर निवळतो आणि मांजराचे तोंड काळे, ओठ जाड व डोक्यावर चिमुकल्या वेण्या, हे दृश्य टॉम आणि जेरीच्या पटांत आपल्यातल्या अनेकांनी पाहिले असेल. आपल्याकडची मुले ते पाहून हसली, ती काजळी लागलेल्या मांजराला. ज्या अमेरिकन चित्रगृहात तो पट पहिल्यांदा दाखवला गेला, तेथील प्रेक्षक कोणाला हसत होता, हे मात्र वेगळे होते.

आणि त्या प्रेक्षकांत कृष्णवर्णीयही होते. दक्षिणेत त्यांना बाजूच्या दाराने आत यावे लागे आणि वरच्या सज्जात बसावे लागे. खाली गोऱ्यांची मुले ज्या चित्राला हसत, तेच चित्र वरून त्यांची मुले पाहत असत. हिंदी चित्रपटांत दारूची बाटली हातात घेऊन झुलणारा मायकल किंवा पीटर पाहताना आपल्यापैकी ज्यांना खुर्चीत अवघडल्यासारखे झाले असेल, त्यांना त्या सज्जातल्या बापाची स्थिती थोडीफार कळू शकेल.

गाणे आपलेसे, गाणारा परका

न्यूयॉर्कमध्ये फ्लायशर बंधूंचा स्टुडिओ होता. थोरले मॅक्स क्राकोव्ह शहरात जन्मलेले, ज्यू, लहानपणी अमेरिकेत आलेले. स्थलांतरितांच्या गल्ल्या, तेथील बोली, तेथील विनोद त्यांच्या पटांत खेळत असे. त्यांची बेटी बूप १९३० साली पडद्यावर आली. फ्लायशरांना जाझ संगीताचे मोल कळले होते. १९३२ सालच्या 'मिनी द मूचर' या पटाच्या आरंभी कॅब कॅलोवे हा थोर कृष्णवर्णीय गायक आपल्या वाद्यवृंदासह प्रत्यक्ष दिसतो. पुढे गुहेतले एक भूत त्याच्या आवाजात गाते आणि त्याच्याच लयीत पाय सरकवत नाचते. जिवंत माणसाच्या हालचाली चौकटीगणिक गिरवण्याचे 'रोटोस्कोप' हे यंत्र मॅक्स यांनीच शोधले होते. त्यामुळे कॅलोवेचे नृत्य त्या भुताच्या पायांत हुबेहूब उतरले. कॅलोवेचे चित्रीकरण झालेले हे सर्वांत जुने नृत्य आहे, असे मानतात.

त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग याच्या संगीतावर दुसरा एक पट निघाला. त्यातही आरंभी आर्मस्ट्राँग आपल्या वादकांसह दिसतो, तुतारी वाजवतो, आणि पाहणाऱ्याचे मन प्रसन्न होते. नंतर कथा आफ्रिकेच्या जंगलात शिरते. एक नरभक्षक बेटीच्या सोबत्यांचा पाठलाग करू लागतो, आणि पाहता पाहता त्या नरभक्षकाच्या जागी आर्मस्ट्राँगचे प्रत्यक्ष डोके आकाशात तरंगत गाऊ लागते. विसाव्या शतकातील एका श्रेष्ठ संगीतकाराला आदराने बोलावले, आणि त्याच सात मिनिटांत त्याला नरभक्षक केले. त्याचे गाणे हवे होते. गाणाऱ्याला मात्र माणसांच्या पंक्तीत पान मांडलेले नव्हते.

बेटी बूपची गोष्टही अशीच बोलकी आहे. हेलन केन या गोऱ्या गायिकेने १९३२ साली फ्लायशर व पॅरामाउंट यांच्यावर दावा लावला की, बेटीची लाडिक गाण्याची ढब आपलीच चोरलेली आहे. प्रतिवादींनी पुराव्यादाखल एस्तर जोन्स ऊर्फ 'बेबी एस्तर' या कृष्णवर्णीय बालगायिकेचे नाव पुढे केले. केनच्याही आधी एस्तर तशा अर्थहीन बोलांनी गात असे आणि तिचे गाणे केनच्या व्यवस्थापकाने ऐकले होते, अशी साक्ष झाली. १९३४ साली केन दावा हरली. एस्तर या दाव्यात पक्षकारही नव्हती. तिचे नाव दुसऱ्याचा दावा बुडवण्यापुरते उपयोगी पडले.

संहितेच्या नजरेला काय दिसले

आता आपल्याशी निगडित असलेल्या भागाकडे वळू. बोलपट आले तसे त्यांच्या नीतीविषयी अमेरिकेत रान उठले. १९२७ साली चित्रपट उद्योगाने स्वतःच काय दाखवू नये याची एक यादी केली होती. तीत अकरा गोष्टी वर्ज्य होत्या. धर्मगुरूंची टवाळी वर्ज्य होती, गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध वर्ज्य होते, आणि कोणत्याही राष्ट्राचा, वंशाचा किंवा धर्माचा हेतुपुरस्सर अवमानही वर्ज्य होता. ही यादी कोणी फारशी पाळली नाही. मग १९३० साली अधिक काटेकोर संहिता आली. ती तयार करण्यात दोन कॅथॉलिकांचा पुढाकार होता: चित्रपट-नियतकालिकांचे प्रकाशक मार्टिन क्विग्ली आणि येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड. १९३४ पासून तिचा कडक अंमल सुरू झाला, तोही जोसेफ ब्रीन या कॅथॉलिक गृहस्थांच्या हाताखाली. त्यामागे बिशपांनी उभारलेल्या 'लीजन ऑफ डीसेन्सी' या संघटनेचे बळ होते. अश्लील चित्रपट पाहणार नाही, अशी लेखी शपथ त्या काळी लाखो कॅथॉलिकांनी घेतली. चित्रपटांतील बीभत्सपणा आणि गुंडगिरीचे उदात्तीकरण रोखावे, ही तळमळ खरी होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु या संहितेचा कार्टूनपटांवर काय परिणाम झाला, ते पाहावे. बेटी बूपचा झगा लांब झाला, गळा झाकला गेला आणि नाचणारी बेटी गृहकृत्यदक्ष तरुणी बनली. हा बदल १९३४ नंतरच्या पटांत कोणालाही दिसेल. दुसरीकडे १९३७ साली 'अंकल टॉम्स बंगलो' आला, १९३८ साली 'जंगल जिटर्स' आला. पहिल्यात गुलामगिरीची कथा थट्टेवारी नेली आहे, दुसऱ्यात नाकात वेसण घातलेले आफ्रिकन एका विक्रेत्याला शिजवायला निघतात. १९४१ साली वॉल्टर लँट्झ यांच्या स्टुडिओने एक पट काढला. त्यातील 'लेझीटाउन' गावात सारे कृष्णवर्णीय दिवसभर पेंगत असतात. हार्लेमहून उजळ वर्णाची एक तरुणी बोटीने येते, तेव्हा कुठे ते हलतात. हे सारे पट संहितेच्या अंमलाखालीच चित्रगृहांत आले. १९३० च्या संहितेत परराष्ट्रांतील नागरिकांचे चित्रण न्याय्य असावे असे कलम होते; देशातल्याच कृष्णवर्णीय नागरिकाच्या मानासाठी तसे कलम नव्हते. झग्याची लांबी मोजणाऱ्या नजरेला माणसाचा अवमान दिसला नाही.

ती दृष्टी तेव्हा कोणापाशीच नव्हती, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. पोप अकरावे पायस यांनी २९ जून १९३६ रोजी चित्रपटांविषयी 'विजिलांती कुरा' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. लीजनच्या कार्याची त्यात मुक्तकंठाने प्रशंसा आहे. मात्र वाईट चित्रपटांच्या दुष्परिणामांची गणना करताना पोपमहोदयांनी आणखीही एक गोष्ट सांगितली आहे. असे चित्रपट व्यक्ती-व्यक्तींमध्ये पूर्वग्रह, आणि राष्ट्राराष्ट्रांत, वर्गावर्गांत, एवढेच काय संपूर्ण वंशांमध्ये गैरसमज निर्माण करू शकतात, असा इशारा त्या पत्रात आहे. न्यूयॉर्कमध्ये फादर जॉन लाफार्ज या येशूसंघीयांनी तर १९३४ सालीच कृष्णवर्णीय व गोऱ्या कॅथॉलिकांना एकत्र आणणारी परिषद स्थापन केली होती. वांशिक न्यायावरील त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला, आणि तो वाचून पोपमहोदयांनी १९३८ साली त्यांना भेटीस बोलावून घेतले. म्हणजे शब्द उच्चारला गेला होता, आणि तो परमगुरूंच्या पत्रात होता. श्रद्धावंतांनी पत्राचा एक भाग शिरोधार्य मानला. दुसरा भाग वाचला गेला, पण चित्रगृहाच्या दारापर्यंत पोहोचला नाही.

इतरांनी मात्र आवाज उठवला. वॉल्ट डिस्नी यांच्या १९३३ सालच्या 'थ्री लिटल पिग्ज' या गाजलेल्या पटात लांडगा एका प्रसंगी नकली नाक लावून ज्यू फेरीवाल्याचे सोंग घेतो. जर्मनीत त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सोंगाचे गांभीर्य कळते. ज्यू समाजातून तक्रारी झाल्या. अखेर १९४८ साली पट पुन्हा प्रदर्शित होताना तो प्रसंग नव्याने चितारला गेला. 'लेझीटाउन'चा पट १९४८ साली पुन्हा बाहेर काढला, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या 'एन.ए.ए.सी.पी.' या संस्थेने लेखी निषेध नोंदवला आणि पुढील वर्षी युनिव्हर्सलने तो मागे घेतला.

युद्धाचे दिवस

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि कार्टूनपटही युद्धावर गेले. मोठे दात, जाड भिंगांचा चष्मा, तिरके डोळे असलेला जपानी माणूस पॉपाय आणि बग्स बनी यांच्या हातून मार खाऊ लागला. शत्रूची थट्टा सर्वच देश करतात. परंतु जर्मनांची थट्टा बहुधा हिटलर आणि त्याच्या साथीदारांपुरती राही, जपान्यांची थट्टा मात्र चेहऱ्यावर, म्हणजे अख्ख्या वंशावर येई. त्या चेहऱ्याचे लोक अमेरिकेतही राहत होते. फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेतच जन्मलेले नागरिक होते.

त्या बंदिवानांत लॉस एंजेलिस येथे जन्मलेला इवाओ ताकामोतो हा तरुण होता. मांझनार येथील छावणीत तो चित्रकला शिकला. १९४५ साली डिस्नी स्टुडिओने त्याला कामावर घेतले. पुढे हॅना-बार्बेरा यांच्याकडे असताना १९६९ साली त्याने एका भित्र्या, खादाड कुत्र्याचे रूप सिद्ध केले. तोच आपल्या मुलांचा लाडका स्कूबी-डू. ज्या कलेने त्याच्या माणसांचे चेहरे विद्रूप केले, त्याच कलेला त्याने एक अत्यंत प्रेमळ चेहरा दिला.

याच काळातला सर्वांत अवघड पट म्हणजे बॉब क्लॅम्पेट यांचा १९४३ सालचा 'कोल ब्लॅक अँड द सेबन ड्वार्फ्स'. हिमगौरीची कथा कृष्णवर्णीय पात्रे घेऊन सांगितलेली. व्हिव्हियन डँड्रिज, तिची आई रूबी अशा कृष्णवर्णीय कलावंतांचे आवाज त्यात आहेत. त्याचा वेग, लय आणि रेषेची झेप यांमुळे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पन्नास सर्वश्रेष्ठ कार्टूनपटांच्या यादीत जाणकारांनी त्याला एकविसावे स्थान दिले. आणि तरीही त्यातल्या राजपुत्राचे दात जुगाराच्या फाशांचे आहेत, पात्रांचे ओठ मिन्स्ट्रेल खेळांतले आहेत. प्रदर्शनाच्या वर्षीच एन.ए.ए.सी.पी.ने त्याला विरोध केला. कला उत्तम असली म्हणजे तिच्यातला दंश बोथट होत नाही. उलट असा पट लोकांच्या अधिक लक्षात राहतो आणि त्याबरोबर त्यातले विद्रूप चित्रही राहते.

दुसरी रेघ

हे सारे तेव्हा अटळ होते, असे कोणी म्हणेल. त्याच वर्षांत काढलेली दुसरी चित्रे पाहिली म्हणजे ते पटत नाही.

जॉर्ज पाल हे हंगेरीचे कलावंत नात्झींच्या छायेतून निसटून अमेरिकेत आले आणि बाहुल्यांचे पट करू लागले. त्यांच्या 'जॅस्पर' मालिकेतला कलिंगडवेडा काळा मुलगा टीकेचा विषय झाला. पाल यांनी या टीकेला उत्तर दिले ते कामातून. १९४६ साली त्यांनी 'जॉन हेन्री अँड द इंकी-पू' हा पट केला. लोहमार्गाचे काम करणारा कृष्णवर्णीय लोकनायक जॉन हेन्री वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, ती जिंकतो आणि प्राण सोडतो. रेक्स इंग्रम या कृष्णवर्णीय नटाच्या धीरगंभीर आवाजात ही कथा येते. त्यात हास्यास्पद असे काही नाही. सात-आठ मिनिटांत एका श्रमिकाचे मोठेपण उभे राहते.

त्याच वर्षी मोटार कामगारांच्या संघटनेने यू.पी.ए. स्टुडिओकडून 'ब्रदरहूड ऑफ मॅन' हा पट करवून घेतला. दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या कामगारांना एका संघटनेत आणायचे तर मनातली अढी आधी काढायला हवी, हा त्यामागचा व्यवहारी विचार. रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश या मानववंशशास्त्रज्ञांनी १९४३ साली लिहिलेल्या पुस्तिकेवर तो आधारलेला आहे. एक गृहस्थ सकाळी उठतो, तो जगातले सारे लोक त्याच्या अंगणात येऊन राहिलेले असतात. त्याच्या मनातला एक हिरवा माणूस बाहेर येऊन कानात विष ओतू लागतो. पट शांतपणे समजावतो की, कातडीचा रंग वरवरचा, रक्ताचे गट सर्व वंशांत तेच, फरक पडतो तो संधीचा. ज्या रेषेने नरभक्षक काढले होते, त्याच रेषेला हेही सांगता येत होते.

पुढे १९६२ साली जॉन आणि फेथ हबली या दांपत्याने 'द होल' काढला. न्यूयॉर्कच्या रस्त्याखाली खड्ड्यात काम करणारे दोन मजूर, एक काळा आणि एक गोरा, अपघात आणि अणुयुद्ध यांविषयी गप्पा मारतात. काळ्या मजुराचा आवाज जाझवादक डिझी गिलेस्पी याचा. तो तर्क लढवतो, शंका काढतो, हसतो. त्याला पाहताना कोणी त्याला हसत नाही. या पटाला ऑस्कर मिळाले.

चित्रे काढणारे हातही बदलू लागले होते. १९५६ साली फ्लॉइड नॉर्मन हे डिस्नी स्टुडिओत रुजू झाले. तेथे ते कृष्णवर्णीय अ‍ॅनिमेशन-चित्रकारांतले अग्रणी ठरले, आणि 'द जंगल बुक' या १९६७ सालच्या चित्रपटाच्या कथेवर त्यांनी काम केले.

झाकलेले आणि उघडलेले

दूरदर्शन संच घरोघरी आले तसे जुने पट मुलांसमोर पुन्हा येऊ लागले. तेव्हा दोन मार्ग अवलंबले गेले. पहिला, पुसून टाकण्याचा. टॉम आणि जेरीच्या पटांत १९६० च्या दशकात मॅमीचे काळे पाय पुसून काही ठिकाणी गोरे पाय रंगवले गेले आणि तिच्या आवाजाऐवजी आयरिश ढंगाचा दुसरा आवाज भरला गेला. लिलियन रँडॉल्फला चेहरा तर मिळाला नव्हताच, आता आवाजही गेला. दुसरा मार्ग कुलूप घालण्याचा. १९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने आपल्या ताब्यातील वॉर्नरचे अकरा पट दूरचित्रवाणीवर दाखवायचे नाहीत असे ठरवले. वर उल्लेखिलेले 'अंकल टॉम्स बंगलो', 'जंगल जिटर्स' आणि 'कोल ब्लॅक' त्यांतलेच.

झाकण्याचा निर्णय कोणी घ्यावा, हाही प्रश्न आहे. मेक्सिकोचा चपळ उंदीर स्पीडी गोंझालेस १९५५ साली आजच्या रूपात पडद्यावर आला आणि त्या पटाला ऑस्कर मिळाले. त्याचे मित्र आळशी दाखवले जातात म्हणून कार्टून नेटवर्कने १९९९ साली अमेरिकेत तो दाखवणे बंद केले. तेव्हा त्याला परत आणा, अशी मागणी करणाऱ्यांत लॅटिन अमेरिकी वंशाच्या नागरिकांची मोठी संघटनाच होती. त्यांना त्यात आपला चलाख नायक दिसत होता. २००२ साली स्पीडी परतला. ज्यांचा अवमान होतो असे आपण समजतो, त्यांना आधी विचारावे, हा धडा त्यातून मिळतो.

अलीकडे तिसरा मार्ग रुळला आहे. २००५ साली वॉर्नरने जुन्या पटांचा एक संच काढला. त्याच्या आरंभी व्हूपी गोल्डबर्ग ही कृष्णवर्णीय अभिनेत्री सांगते की, यांतले काही विनोद तेव्हाही चुकीचे होते आणि आजही आहेत, पण ते पुसणे म्हणजे असे काही घडलेच नाही असे म्हणणे होय. २०१० सालच्या एप्रिलमध्ये हॉलिवूडच्या एका महोत्सवात त्या अकरांपैकी आठ पट प्रौढ प्रेक्षकांना दाखवले गेले. इतिहासकार डोनाल्ड बोगल यांनी त्यांची पार्श्वभूमी समजावून दिली. कुलूप उघडले, पण सोबत सांगणारा माणूस होता.

आपल्या घरांत असा माणूस कोण? आईवडील, आजी-आजोबा, धार्मिक शिक्षणाच्या वर्गातले शिक्षक. मुलांना टॉम आणि जेरी दाखवू नये असे मुळीच नाही. त्या उंदराने आपल्याला निखळ आनंद दिला आहे. मात्र स्फोटानंतर काळे पडलेले ते तोंड आले, किंवा चेहरा न दिसणारी ती बाई झाडू घेऊन आली, की क्षणभर थांबून मुलांना सांगावे: हा विनोद कोठून आला, तो ज्यांच्यावर होता ती माणसे त्याच चित्रगृहात वर सज्जात बसलेली होती, आणि या बाईचा आवाज लिलियन रँडॉल्फ नावाच्या अभिनेत्रीचा होता. विश्वपत्रातल्या त्या मागे पडलेल्या वाक्याचे पालन करायला एवढे पुरेसे आहे. त्यासाठी लेखी शपथेची गरज नाही.